जाताना काय म्हणाली?

“मग माझ्यात कमी काय आहे, अण्णा?”

ह्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळा अण्णांनी उत्तरादाखल खिरीचं पातेलं पुढे सरकवलं होतं.

“कमी काय न्हाई,” अण्णा म्हणाले. “सूनबाईला वाढ जरा.”

“तसं नाही. खरं सांगा.”

“मीठ कमी हाय भाजीत,” अण्णा म्हणाले.

आतून काकूंनी, अण्णांच्या बायकोनं, पळी आपटली.

लग्नाला सात आठवडे झाले होते. नव्या सुनेनं बोलायचं कमी आणि वाढायचं जास्त, असं असतं. मला दोन्ही जमतं, त्यामुळे ऐकायला पुष्कळ वेळ मिळतो.

अण्णा म्हणजे सिदगोंडा मगदूम. चौतीस वर्षं लाईनमन होते. आता उपकेंद्राच्या वसाहतीशेजारी स्वतःच्या घरात राहतात. दोन्ही हातांना मिळून दहा बोटं आहेत. इतकी वर्षं खांबावर चढलेल्या माणसाची ही पदवी समजतात, हे मला लग्नानंतर कळलं.

आमचे हे पहिली दोन वर्षं त्यांच्याच हाताखाली शिकले.

उपकेंद्रात आता सहा माणसांची नवी टोळी होणार होती. तिचा प्रमुख कोण, हे साहेबांनी अजून ठरवलं नव्हतं. म्हणजे ठरवलं होतं. “मगदूम हो म्हणाले की तुझं नाव,” असं ह्यांना सांगून ते मोकळे झाले होते.

मगदूम तीन आठवडे हो म्हणाले नव्हते.

आजचं जेवण काकूंनी नव्या जोडप्यासाठी ठेवलं होतं. ह्यांनी मात्र इस्त्रीचा शर्ट घातला होता. खपली गव्हाची खीर खायला कुणी इस्त्री करत नाही.

“आंबेओढ्याचं साहेबांना विचारा,” हे म्हणाले. “वारं सुटलेलं. गाव अंधारात. दवाखान्यात एक बाई अडलेली. खांबावरच्या जंपरची तार तुटून लोंबत होती, ती मी नऊ मिनिटांत जोडली.”

ती नऊ मिनिटं मी पाच वेळा ऐकली आहेत. पहिल्यांदा ती चौदा होती.

“रॉड लावलास?” अण्णांनी विचारलं.

रॉड म्हणजे अर्थिंगची लांब काठी. बंद तारेला ती अडकवायची आणि तिची दुसरी तार जमिनीत द्यायची. तारेत काही उरलं असलं, किंवा चुकून कुठून आलं, तर ते माणसातून न जाता मातीत जातं. हे मला ह्यांनीच सांगितलं, लग्नानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात. बाकीची जोडपी त्या आठवड्यात महाबळेश्वरला असतात.

“रॉड गाडीत राहिला होता. गाडी ओढ्यापलीकडे. आणत बसलो असतो तर अर्धा तास.”

“म्हंजे रॉड गाडीत.”

“हो.”

“आनि तू खांबावर.”

“हो.”

“आनि लाईन?”

“बंद होती. फोन करून विचारलं ना मी. ऑपरेटर म्हणाला, बंद आहे.”

“तू बघितलीस?”

“काय?”

“बंद.”

“...बंद कशी बघणार अण्णा? ती दिसते होय?”

“त्येच म्हंतो मी.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं.

“पण काही झालं नाही ना,” हे म्हणाले. “बाई सुटली. मुलगी झाली. गावानं नारळ दिला.”

“व्हय. काय झालं न्हाई.”

“मग?”

“त्याचीच काळजी वाटती.”

...

पंखा मंदावला. तीनही पाती दिसायला लागली, मग थांबली.

“गेली गं बाई,” काकू आतून म्हणाल्या.

“चारला येणार,” हे म्हणाले. “फीडरवर काम आहे. दीड ते चार बंद. मीच टाकलंय गावच्या व्हॉट्सॲपवर.”

अण्णांनी हात धुतले, खांद्यावरच्या पंच्याला पुसले आणि भिंतीकडे बघितलं. जुन्या पद्धतीचा काळा लाकडी बोर्ड, चांगला उंचावर बसवलेला.

“त्या पंख्याच्या बटनात महिनाभर चुर्र वाजतंय,” ते म्हणाले. “मागची वायर ढिली झाली असंल. आलाच हाईस तर बघतोस?”

हे उठलेच. परीक्षा आहे हे त्यांना कळलं होतं. तिचा विषय काय हे मात्र कळलं नव्हतं.

हात धुतले, ओले हात पँटला पुसले. स्टूल ओढलं. स्क्रू ड्रायव्हर काकूंच्या शिलाई मशीनच्या खणात मिळाला. बोर्डाचे चार स्क्रू काढायला चार जांभयांइतकाही वेळ लागला नाही. बोर्ड पुढे झुकला. मागे वायरींचा गुंता. ह्यांनी त्यात हात घातला.

“थांब.”

अण्णांचा आवाज मोठा नव्हता. हात तिथंच थांबला.

“फ्यूज?”

“लाईटच नाही की अण्णा.”

“कुठाय?”

“गेली.”

“जाताना काय म्हणाली?”

हे हसले. आत काकू हसल्या. अण्णा हसले नाहीत, म्हणून मी ओठांपर्यंत आलेलं हसू परत पाठवलं.

मग अण्णा माझ्याकडे वळले. त्या घरात तोवर मला दोनच प्रश्न विचारले गेले होते, माहेर कुठलं आणि अजून वाढू का.

“सूनबाई, सकाळी ह्यो डबा घिऊन भाईर पडताना काय म्हंतो?”

“...येतो म्हणतात.”

“जातो म्हणाला तर?”

“म्हणत नाहीत.”

“चुकून म्हणाला तर?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. पहिल्याच आठवड्यात गडबडीत ते तसं म्हणून गेले होते. फाटकापर्यंत पोचले होते. मी ओरडले नाही, मला ओरडता येत नाही. मी नुसती जाऊन गाडीसमोर उभी राहिले.

“परत आत बोलावते,” मी म्हणाले. “बसवते. पाणी देते. मग पुन्हा म्हणायला लावते.”

“गूळ देतीस का?” काकूंनी आतून विचारलं.

“देते.”

“मग बराबर हाय.”

स्टुलावर ह्यांचे कान लाल झाले होते. ही गोष्ट त्यांनी टोळीतल्या कुणाला सांगितलेली दिसत नव्हती.

“म्हंजे आपल्यात,” अण्णा सावकाश म्हणाले, “जाणारं माणूस येतो म्हणून जातंय.”

“हो.”

“मग धैर्या, ही लाईट कुठल्या मुलखातली?”

...

धैर्यशील हे ह्यांचं नाव. मी घेत नाही, पण इथं अण्णांनीच घेतलं.

हात वायरींच्या मधेच होता. ह्यांनी तो बाहेर काढला, घाईनं नाही, पण काढला. क्षणभर आम्ही सगळे पंख्याकडे बघत राहिलो. तो काही फिरला नाही.

“बघा, नाही आली,” हे म्हणाले.

“आत्ता न्हाई आली,” अण्णा म्हणाले.

“मी फ्यूज काढतो,” हे म्हणाले आणि खाली उतरले. आवाजात थोडा कंटाळा होता. आईनं स्वेटर घालायला लावलेल्या मुलाचा असतो तसा.

“गं पोरी, ये,” काकूंनी हाक मारली. “ह्यांचं काय सरायचं न्हाई. आपण भांडी घासू.”

मी आत गेले. स्वयंपाकघराच्या दारातून ह्यांचं बाहेरचं बोलणं ऐकू आलं. “टेस्टर घरी राहिलाय. घेऊन येतो.” मग चपलांचा आवाज. मग फाटकाचा.

मागच्या दारी, नळावर, आम्ही दोघी बसलो. काकू घासत होत्या, मी विसळत होते.

“तुझा नवरा चांगला हाय,” काकू म्हणाल्या. “आमच्या ह्यांचा जीव हाय त्याच्यावर. म्हणून तर हो म्हणत न्हाईत.”

मला ते तेव्हा उलटं वाटलं.

चार ताटं, पळ्या, खिरीचं करपलेलं पातेलं. वेळ गेला. मग शेजारच्या घरात मिक्सर घरघरला आणि त्यापाठोपाठ टीव्ही मोठ्यानं बोलायला लागला.

“आली की लाईट,” काकू म्हणाल्या.

अडीच वाजले होते. फीडरवरचं काम लवकर संपलं असणार. तिथंही आमच्या ह्यांच्यासारखा कुणीतरी चपळ असेल.

“आपल्यात का न्हाई आली?” काकूंनी आत डोकावून बघितलं. फ्रिज गप्प होता. “बघतीस का गं जरा? माझे हात राखेचे हायत.”

मी घराच्या कडेनं पुढच्या ओसरीवर आले, विसळलेली ताटं तशीच हातात घेऊन. अण्णा मीटरच्या पेटीखाली खुर्ची टाकून बसले होते. डोळे मिटलेले. ते तिथं का येऊन बसलेत हा प्रश्न मला पडला नाही. आत उकडत असेल असं वाटलं.

पेटीचं दार उघडं होतं. पेटीच्या वर, कडेला, फ्यूज ठेवलेला होता. चिनी मातीचा, पांढरा, कपाच्या तुटलेल्या कानासारखा.

आमच्या सासूबाईंचं एक वाक्य आहे. दिसेल ती वस्तू जागच्या जागी ठेवावी, कुणी सांगायची वाट बघू नये. सात आठवड्यांत मी त्या वाक्यावर बऱ्यापैकी कौतुक मिळवलं होतं.

मी ताटं खाली ठेवली. ओले हात पदराला पुसले. फ्यूज उचलला. पेटीत त्याची रिकामी जागा स्पष्ट दिसत होती. शंका येण्यासारखं काही नव्हतं.

मनगटाला काहीतरी लागलं.

अण्णांची दोन बोटं. त्यांनी नुसती टेकवली होती, तरी हात पुढे जाईना.

“काय करतीस पोरी?”

“लाईट आलीय. फ्यूज घालते.”

“धैर्या कुठाय?”

“ते घरी गेलेत. टेस्टर आणायला.”

“गेला?”

“हो.”

अण्णांनी मान न वळवता हाक मारली. “धैर्या.”

“ओ,” आतून आवाज आला.

उंचावरून आला. ते परत येऊन स्टुलावर चढलेत हे भांड्यांच्या आवाजात मला कळलंच नव्हतं.

“हातात काय हाय रं?”

“वायर.”

“कंची?”

“दोन्ही. सोलतोय. का हो?”

...

शेजारी मिक्सर पुन्हा सुरू झाला. शेंगदाण्याची चटणी होत असावी, वास आला. असल्या वेळी माणसाला वास येतो हे मला माहीत नव्हतं.

“खाली ये,” अण्णा म्हणाले. “वायर सोडून ये.”

हे ओसरीवर आले. आधी त्यांना मिक्सरचा आवाज ऐकू आला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हाताकडे. हातातल्या फ्यूजकडे. त्याच्यापासून चार बोटांवर असलेल्या पेटीकडे.



“मला वाटलं...” मी म्हणाले.

“तुझं काय चुकलं न्हाई,” अण्णा म्हणाले. “चांगलं काम करत व्हतीस तू.”

त्यांनी बोटं काढली. मग ह्यांना विचारलं, “तुला वैरी किती हायत रं?”

“वैरी? कुणी नाही.”

“बघ. लागत न्हाईत.”

...

हे माझ्याजवळ आले. फ्यूज घ्यायला लागले, पण माझी मूठ उघडेना. मी मुद्दाम करत नव्हते. त्यांनी एकेक बोट सोडवलं. इतक्या सावकाश ते काही करू शकतात हे मला सात आठवड्यांत दिसलं नव्हतं.

फ्यूज त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला. खिशाचं बटण लावलं. मग बटण लागलंय का ते पुन्हा बोटानं बघितलं.

अण्णा खुर्चीत मागे टेकले आणि डोळे मिटून घेतले.

“एक कागद दे ना,” हे मला म्हणाले.

काकूंनी मिठाईच्या पुठ्ठ्याचं झाकण दिलं. माझं अक्षर चांगलं आहे. “काय लिहू?” मी विचारलं. हे विचार करत राहिले. ‘काम चालू आहे’ हे उपकेंद्रातल्या पाटीवर असतंच, आणि त्या पाटीसमोरून माणसं रोज चहा प्यायला जातात.

मी लिहिलं, ‘माणूस वर आहे.’

ह्यांनी ते दोनदा वाचलं. दोऱ्यानं पेटीच्या कडीला बांधलं. पेटी लावून घेतली.

मग टेस्टर घेऊन ते शेजारच्या घरी गेले. कुंपणावरून सगळं ऐकू येत होतं.

“काय झालं हो?” शेजारच्या वहिनींनी मिक्सर थांबवून विचारलं.

“काही नाही. टेस्टर पेटतो का बघतो तुमच्याकडं.”

“वायरमनचा टेस्टरपण तपासावा लागतो होय?”

“लागतो.”

“आजपर्यंत कधी बघितलं नाही तुम्हाला.”

“आजपासून,” हे म्हणाले.

टेस्टर पेटला असावा. परत येऊन त्यांनी हात कोरडे पुसले, स्टुलावर चढले, आणि आधी एका वायरीला टेस्टर लावला. मग दुसरीला. मग पहिलीला पुन्हा. मी दारात उभी होते. तो लहानसा दिवा पेटत नव्हता. दिव्याकडे तो पेटू नये म्हणून इतकं टक लावून मी आधी कधी बघितलं नव्हतं.

काम साधंच होतं. एक काळी पडलेली वायर कापून नवी जोडली, स्क्रू आवळले. खाली उतरल्यावर त्यांनी एकदा खोलीभर बघितलं. काकू मागच्या दारी, अण्णा खुर्चीत, मी इथं. बोट दाखवून, मोठ्यानं, तिघं मोजली.

“हो रं, मी हाय नळावर,” काकू ओरडल्या. “काय लगीन लावतोयस का, माणसं मोजायला?”

मग पुठ्ठा सोडला आणि खिशातला फ्यूज स्वतः बसवला.

पंखा फिरला. बटण चुर्र वाजलं नाही.

काकूंनी चहा टाकला. हे ओसरीच्या पायरीवर बसले. इस्त्रीच्या शर्टाला खांद्यावर जळमट लागलं होतं. मी ते काढलं नाही. चारचौघांत तसं बरं दिसत नाही.

“अण्णा,” हे म्हणाले.

“हं.”

“आंबेओढ्याला...”

“हं.”

“ऑपरेटर त्या दिवशी नवीन होता. चांगला आहे पोरगा. दवाखान्यातून त्यालाही फोन येत असणार. सारखे. बाई अडलीय म्हणून.”

“आले असतील.”

“त्याला वाटलं असतं, काम झालं, सोडावी लाईन...”

वाक्य तिथंच राहिलं. अण्णांनी ते पुरं केलं नाही. बशीत चहा ओतला.

“खांबावर कितीजण चढणार, टोळी झाली की?” त्यांनी विचारलं.

“दोघं-तिघं. खाली बाकीचे.”

“हं.”

...

“साहेबांना माझं नाव सांगू नका, अण्णा.”

काकू दारात चहाची किटली घेऊन थांबल्या. मीही थांबले. तीन आठवडे ज्याच्यासाठी ह्यांना झोप लागली नव्हती, ते त्यांनी पायरीवर ठेवून दिलं होतं.

“का रं?” अण्णांनी विचारलं.

“भीती वाटायला लागलीय.”

“कवापासनं?”

“मघापासनं.”

“कशाची? करंटची?”

ह्यांनी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. त्या हातात साखरेचा डबा होता.

“हिच्या हाताची,” ते म्हणाले. “म्हणजे... वाईट नाही म्हणत. ती चांगल्यासाठीच करत होती. सहा माणसं म्हणजे सहा घरं, अण्णा. अशी चांगल्यासाठी करणारी किती माणसं असतील. मी सगळ्यांचे हात कुठं धरू?”

अण्णांनी बशी तोंडाला लावली. सगळा चहा संपेपर्यंत ती खाली ठेवली नाही. मग धोतराचा सोगा सावरून उठले, पायांनी चपला चाचपल्या, आणि आत हाक दिली.

“टोपी दे गं माझी. सायेब दुपारचं आडवं व्हायच्या आत गाठायला पायजेत.”